सरड्याची धाव काचेपर्यंत

मराठी भाषेने सरड्याला फारसे प्रेमाने वागविलेले नाही. मतलबापुरता रंग बदलणाऱ्याला आपण सरडा म्हणतो, तोकड्या आवाक्याच्या माणसाची धाव कुंपणापर्यंतच असल्याचे बजावतो, आणि अंगावर पाल पडली की पंचांगातील पल्लीपतनाचे फळ पाहतो. मान मिळाला तो एकट्या घोरपडीला, तोही सिंहगडाच्या आख्यायिकेतील यशवंतीच्या निमित्ताने. शिवाय पाल, सरडा, घोरपड, सापसुरळी या साऱ्यांना कवेत घेणारा एकच सोपा शब्दही आपल्या बोलीत नाही. सोयीसाठी या लेखात आम्ही 'सरडा' हाच शब्द त्या व्यापक अर्थाने वापरणार आहोत.

अशा भाषेत 'नवशिक्याने पाळण्यासाठी पहिला सरडा कोणता निवडावा?' हा प्रश्न काहीसा विक्षिप्त वाटेल. युरोप-अमेरिकेत मात्र तो शंभराहून अधिक वर्षे विचारला जात आहे. त्याची उत्तरे वेळोवेळी बदलली, आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराची किंमत सरड्यांनी मोजली. एखादा प्राणी 'पाळायला सोपा' आहे असे आपण म्हणतो, तेव्हा तो सोपेपणा नेमका कोठून येतो, हे या इतिहासातून पाहावे, एवढाच आमचा हेतू आहे.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ साली सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी स्वतंत्र दालन उघडले. जगातील अशा प्रकारचे ते पहिलेच दालन होय. पुढे हे कुतूहल घरांत शिरले. रेव्हरंड ग्रेगरी बेटमन यांचे 'द व्हायव्हेरियम' हे घरगुती संगोपनावरील पुस्तक १८९७ मध्ये निघाले. योगायोग असा की, त्याच वर्षी जोन प्रॉक्टर यांचा जन्म झाला. दहा-बारा वर्षांच्या या मुलीच्या जेवणाच्या टेबलावर तिचा लाडका डाल्मेशियन सरडा शेजारी बसलेला असे. आजारपणामुळे विद्यापीठाची वाट बंद झाली तरी ती ब्रिटिश म्युझियममध्ये शिकत राहिली, १९२३ मध्ये लंडन प्राणिसंग्रहालयातील सरपटणाऱ्या प्राण्यांची अभिरक्षक झाली, आणि १९२७ मध्ये तिने आखलेले नवे दालन खुले झाले. विजेच्या साहाय्याने ऊब आणि प्रकाश यांचे नियमन करणे हा त्या रचनेचा गाभा होता. १९३१ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, प्रॉक्टर निवर्तल्या.

उबेचे हे महत्त्व शास्त्राच्या भाषेत ठामपणे मांडले गेले ते १९४४ मध्ये. रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट यांनी वाळवंटी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अभ्यासातून दाखवून दिले की, हे प्राणी ऊन आणि सावली यांच्यात ये-जा करून आपले शारीरिक तापमान बऱ्याच नेमकेपणाने राखतात. म्हणजे सरड्याला नुसती उष्णता पुरत नाही. एका टोकाला ऊब आणि दुसऱ्या टोकाला गारवा असा पर्याय हवा असतो. तो नसेल, तर खाल्लेले अन्नही त्याला नीट पचत नाही.

बाजार मात्र या ज्ञानासाठी थांबला नव्हता. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सर्कशींत आणि जत्रांत हिरवा अ‍ॅनोल नावाचा लहानगा सरडा 'कॅमेलियन' म्हणून विकला जाई. गळ्यात दोरा किंवा साखळी अडकवून त्याला कपड्यावर टाचण्याचीही फॅशन होती. साखरेच्या पाण्यावर तो जगतो, अशी समजूत होती. वस्तुतः हा कीटकभक्षी प्राणी पानांवरचे दवबिंदू चाटून पाणी पितो. वाटीतले पाणी त्याला बहुधा पाणी वाटतच नाही. त्यामुळे असे कित्येक सरडे उपासमारीने व तहानेने संपले. येथे निवडीचा निकष होता तो स्वस्ताईचा.

पुढचा निकष रूपाचा. १९९० च्या दशकात मध्य व दक्षिण अमेरिकेतून हिरव्या इग्वानाची पिल्ले लाखोंच्या संख्येने अमेरिकेत आली. तळहातावर मावणारे ते पाचूसारखे पिल्लू पुढे दीड मीटरपर्यंत वाढते, त्याला पालेभाज्यांचा विचारपूर्वक आहार आणि अतिनील प्रकाश लागतो, आणि प्रौढ नर आक्रमकही होतो, हे दुकानात क्वचितच सांगितले जाई. अनेकांची हाडे आणि मूत्रपिंडे अयोग्य आहाराने खराब झाली. फ्लॉरिडात सुटलेल्या वा सोडलेल्या प्राण्यांची प्रजा इतकी माजली की, २०२१ मध्ये त्या राज्याने इग्वानाचा समावेश निषिद्ध प्राण्यांच्या यादीत केला. ज्याला नवशिक्यांचा सरडा म्हणून खपविले, तो वस्तुतः अनुभवी माणसाचीही परीक्षा पाहणारा होता.

आज या प्रश्नाचे जे उत्तर सर्वाधिक ऐकू येते, त्याचे मूळ आपल्या उपखंडात आहे. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक एडवर्ड ब्लिथ यांनी १८५४ मध्ये पंजाबातील मिठाच्या डोंगररांगेतील (आजच्या पाकिस्तानातील) एका ठिपकेदार पालीचे शास्त्रीय वर्णन केले. तीच आजची 'लेपर्ड गेको'. हिच्या बोटांना चिकटपट्ट्या नसल्याने ती काचेवर चढत नाही. बहुतेक पालींना नसणाऱ्या हलत्या पापण्या हिला आहेत. जाड शेपटीत ती चरबी साठविते. खडकांच्या फटींत राहणाऱ्या, वीत-सव्वा वीत लांबीच्या या निशाचर कीटकभक्षी प्राण्याला काचेची पेटी त्यामुळे तुलनेने कमी जाचते.

पण हे गुण ब्लिथच्या काळातही होतेच. ती 'सोपी' झाली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, बंदिवासात पिढ्यान्‌पिढ्या पैदास झाल्यावर. अंडी २६ अंश सेल्सियसच्या आसपास उबविली तर बहुतेक माद्या, ३२-३३ अंशांना बहुतेक नर, आणि त्याहून उष्ण ठेवल्यास पुन्हा बहुतेक माद्या निपजतात, इतके बारकावे पाळणाऱ्यांना ठाऊक झाले. सोपेपणा हा केवळ प्राण्याचा स्वभाव नव्हे. ते साठत गेलेले ज्ञान आहे, असे आम्हांस वाटते ते यामुळेच.

या ज्ञानालाही लोभाची बाधा झाली. नवनव्या रंगांच्या हव्यासातून 'एनिग्मा' नावाचा वाण आला. त्यातील अनेक प्राण्यांचा तोल जातो, ते गोलगोल फिरत राहतात. मग 'लेमन फ्रॉस्ट' आला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले की, त्याला मोहक पांढरी झाक देणारा जनुकीय बदलच कातडीतील रंगपेशींच्या गाठींशी निगडित आहे, आणि या वाणाच्या ८० टक्क्यांहून अधिक प्राण्यांत अशा गाठी होतात. रूपाचा निकष मागल्या दाराने परत आला होता.

या पालीचे सख्खे नातलग महाराष्ट्रातही आहेत. मध्य प्रदेश व महाराष्ट्र यांतील सातपुड्याच्या रांगांत आढळणाऱ्या जातीला तर २०१४ मध्येच 'सातपुराएन्सिस' हे नाव मिळाले. १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात 'बिसकोब्रा' ही नोंद आहे. निरुपद्रवी सरड्यांना लोकांनी चिकटविलेले ते विषारीपणाचे नाव. या ठिपकेदार पालींना विष नसते; तरीही त्या भीतीपोटी मारल्या जातात. जी पाल परदेशी मुलांचा पहिला सोबती होते, तिच्याच बहिणीवर येथे काठी पडते. मात्र भीती गेली म्हणून हव्यास यावा, असे नाही. सातपुड्याच्या पालीमागे बंदिवासातील पिढ्यांची साखळी नाही. तिची जागा खडकातच आहे. घोरपड तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे; ती बाळगणे हा गुन्हा आहे. इग्वानासारख्या, आंतरराष्ट्रीय करारान्वये सूचीबद्ध परदेशी प्राण्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनी बंधनकारक केली आहे.

तेव्हा नवशिक्याने कोणता सरडा निवडावा, याआधी काही प्रश्न स्वतःला विचारावेत. हा प्राणी बंदिवासात जन्मला की रानातून ओरबाडला गेला? त्याच्या वाणात रंगासोबत व्याधी तर आलेली नाही ना? पूर्ण वाढीनंतर तो केवढा होईल? पंधरा-वीस वर्षे त्याला ऊब, गारवा आणि जिवंत किडे पुरविण्याची आपली तयारी आहे का? साल्मोनेला जंतूंच्या भयाने प्रत्येक वेळी हात धुण्याची शिस्त घरातील मुलांना लागेल का? त्याच्यावर उपचार करणारा पशुवैद्य आपल्या गावात आहे का? यांपैकी एकाचेही उत्तर अडत असेल, तर घराच्या भिंतीवर दिव्यापाशी किडे टिपणारी पाल आहेच. तिला पेटी लागत नाही, परवाना लागत नाही. आपण झाडू उगारला नाही म्हणजे पुरे.