पाली आणि राजगड

पुणे जिल्ह्यातील वेल्हे (आता राजगड) तालुक्यात, राजगडाच्या पायथ्याशी कानद खोऱ्यात वसलेले गाव. स्थानिक बोलण्यात पाल. पुण्याहून सुमारे ६० किमी. सातारा रस्त्यावरील नसरापूर येथून मार्गासनीमार्गे येथे पोचता येते. शिवकालीन राजधानीकडे चढणारी प्रशस्त वाट येथून निघते, हे गावाचे मुख्य महत्त्व.

राजगड पूर्वी मुरुंबदेवाचा डोंगर म्हणून ओळखला जाई. शिवाजी महाराजांनी त्यावर गड वसवला आणि रायगडास जाईपर्यंत, सुमारे पाव शतक, राज्याचा कारभार येथूनच चालवला. सईबाईंचे निधन येथे ५ सप्टेंबर १६५९ रोजी झाले. २४ फेब्रुवारी १६७० रोजी राजाराम महाराजांचा जन्मही येथलाच. १६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, पण स्वतःकडे राहिलेल्या १२ किल्ल्यांत राजगड होता. आग्र्याहून सुटून महाराज १६६६ मध्ये परतले ते याच गडावर. १७०४ मध्ये औरंगजेबाने तो घेतला. पुढे मराठ्यांनी परत मिळवल्यावर तो भोरच्या पंतसचिवांकडे आला.

राजधानीचा थाट पाली दरवाजाच्या वाटेवर सर्वांत चांगला कळतो. वाट रुंद असून ठिकठिकाणी कातळात पायऱ्या खोदल्या आहेत. एकामागोमाग दोन दरवाजे लागतात. पहिल्याची कमान इतकी उंच की अंबारीसह हत्ती आत यावा; दुसरा त्याच्या वरच्या अंगाला असून त्याच्या बाजूंना भक्कम बुरूज आहेत. पहिला दरवाजा फोडून आलेला शत्रू दुसऱ्याच्या माऱ्यात सापडावा, अशी ही योजना. गुंजवणे गावातून चोरदरवाजाने चढणारी वाट जवळची, म्हणून बहुतेक गिर्यारोहक तिकडेच वळतात. पहिल्यांदा येणाऱ्याने मात्र पाली दरवाजाने चढून गुंजवण्याकडे उतरावे, हे उत्तम.

गडाला पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या असून मधोमध बालेकिल्ला आहे. पद्मावती माची म्हणजे वस्तीचा भाग : तलाव, पद्मावती देवीचे मंदिर, रामेश्वर, सदर, सईबाईंची समाधी. सुवेळा माचीवर वाऱ्यापावसाने कातळाला पडलेले आरपार भोक, म्हणजे नेढे, आहे. दुर्गबांधणीचा अभ्यास करणाऱ्याने सर्वाधिक वेळ संजीवनी माचीला द्यावा. येथे डोंगराच्या निमुळत्या सोंडेवर टप्प्याटप्प्याने दुहेरी, चिलखती तट उतरत गेला आहे. दोन तटांमधली बोळ अरुंद आणि खोल. तीत उतरले की वर आभाळाची पट्टी तेवढी दिसते. बाहेरचा तट पडला तरी आतला उभा राहून लढता यावा, हा हेतू. बालेकिल्ल्याची चढण उभी असून त्याच्या महादरवाजाखाली अफझलखानाचे शिर पुरले, अशी आख्यायिका आहे.

जर्मनीतील रोथेनबुर्गसारख्या तटबंदीच्या नगरात आजही लोक राहतात. राजगडावर तट आणि दरवाजे उभे आहेत, वाड्यांची मात्र जोतीच उरली आहेत. ती पाहताना कोठे काय होते याची माहिती आधी वाचून आल्यास गड नीट समजतो. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात, उन्हाळ्यात सावली थोडी. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत राजगडाचा समावेश आहे.