शिंक कुणाची? इंग्रजी क्रियापदं, पोलिश जीभ आणि ‘मला’चा इतिहास

इंग्रजीतल्या ‘स्नीझ’ या क्रियापदाच्या सुरुवातीला एकेकाळी ‘स’ नव्हता, ‘फ’ होता. जुन्या इंग्रजीत शिंकण्याला ‘फ्नेओसान’ म्हणत. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरनं ‘कँटरबरी टेल्स’ लिहिल्या. त्यातला दारू पिऊन तर्र झालेला स्वयंपाकी नाकातून फुरफुरतो, तिथेही ‘फ’वालंच क्रियापद आहे. पुढच्या शंभरेक वर्षांत त्याचा ‘स’ झाला. त्या काळी ‘स’साठी वापरलं जाणारं लांब अक्षर ‘फ’च्या अक्षरासारखंच दिसायचं, त्यामुळे वाचणाऱ्यांचा गोंधळ झाला, असं एक स्पष्टीकरण आहे. दुसरं असं, की ‘फ्न’ हा जोड इंग्रजी जिभेला नकोसा झाला होता आणि स्नोअर, स्नॉर्ट, स्निफ असे नाकाशी संबंधित ‘स्न’वाले शब्द शेजारी होतेच. शिंकही त्यांच्या पंगतीत जाऊन बसली. ‘फ्न’नं सुरू होणारे शब्द मात्र इंग्रजीतून पार नाहीसे झाले.

उचकीचंही तसंच. जुनं क्रियापद ‘येक्स’ मागे पडलं आणि सोळाव्या शतकात आवाजाची नक्कल करणारं ‘हिकप’ आलं. मग कुणाला तरी वाटलं, की यात खोकला असणार, म्हणून शेवटी ‘कफ’चं स्पेलिंग चिकटवलं गेलं. उच्चार ‘हिकप’च राहिला. इंग्रजी शिकणारा प्रत्येक जण आजही त्या स्पेलिंगला ठेचकाळतो.

खोकल्याची कथा आपल्याला जवळची आहे. संस्कृत ‘कास’, पोलिश ‘काशेल’ आणि जुन्या इंग्रजीतलं ‘ह्वोस्ता’ ही एकाच मुळाची भावंडं. वैद्य ‘कास-श्वास’ म्हणतात त्यातला ‘कास’ आणि वॉर्सातल्या औषधाच्या दुकानात मागितला जाणारा ‘काशेल’ हे नात्यातले आहेत. इंग्रजीनं मात्र हा वारसा सोडला आणि घशाच्या आवाजावरून ‘कफ’ हा नवा शब्द घेतला. (आपल्या आयुर्वेदातल्या कफाशी त्याचा संबंध नाही, उच्चारातलं साम्य योगायोगाचं आहे.) जांभईत मात्र नातं टिकलं. इंग्रजी ‘यॉन’ आणि पोलिश ‘झ्येवाच’ दोन्ही तोंड वासण्याच्या एकाच प्राचीन धातूतून आले.

पण शब्द पाठ करता येतात. पोलिश माणूस इंग्रजी शिकायला बसतो तेव्हा खरी अडचण वेगळीच असते. शरीर आपल्याला न विचारता काही करतं, तेव्हा वाक्याचा कर्ता कोण?

मराठीत आपण ‘मी शिंकलो’ म्हणू शकतो, पण ‘मला शिंक आली’ हे अधिक सहज येतं. जांभई येते, उचकी लागते, ठसका लागतो. करणारी ती, आपण फक्त ‘मला’. पोलिश या बाबतीत मधल्या वाटेवर उभी आहे. शिंकणं, खोकणं, जांभई देणं तिथे माणूसच करतो. पण ढेकर आला की ‘ओद्बिया मी श्ये’, म्हणजे शब्दशः ‘मला उसळून परत येतंय’. यातलं ‘मी’ आपलं ‘मी’ नव्हे, पोलिशमध्ये ‘मी’चा अर्थ ‘मला’. पोटात गुरगुरलं की तिथेही ‘मला पोटात गुरगुरतंय’. शिंक यावीशी वाटली की ‘मला शिंकावंसं होतंय’. आणि ‘म्दली म्न्ये’ तर थेट आपलं ‘मला मळमळतंय’, कर्ता नसलेलं वाक्य. कोल्हापूरकराला हे कळायला व्याकरण शिकावं लागणार नाही.

इंग्रजी मात्र हट्टानं विचारते, कुणी केलं? आणि उत्तर ठरलेलं असतं, ‘आय’. गंमत अशी, की हा हट्ट जन्मजात नाही. जुन्या इंग्रजीत भूक लागली की ‘मला भुकावतं’, तहान लागली की ‘मला तहानतं’ अशाच धाटणीची वाक्यं होती. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी हा बदल दाखवायला एक साधं वाक्य घेतलं होतं, राजाला नाशपाती आवडल्या. जुन्या इंग्रजीत राजा चतुर्थीत होता, अगदी मराठीसारखा. मग नामांचे विभक्तिप्रत्यय झिजले. ‘राजाला’ आणि ‘राजा’ यांत फरक दिसेना. वाक्यात क्रियापदाच्या आधी जो येईल तो कर्ता, असा नियम घट्ट होत गेला आणि पुढे उभा असलेला राजा आपोआप कर्ता झाला. जुन्या रचनेचा अवशेष म्हणून ‘मीथिंक्स’, म्हणजे ‘मला वाटतं’, शेक्सपिअरच्या काळापर्यंत तग धरून राहिला. आज तो फक्त विनोदात वापरतात.

म्हणजे पोलिश विद्यार्थी ज्या जागी अडखळतो, तिथून इंग्रजी स्वतःच पाचसहाशे वर्षांपूर्वी गेली आहे.

दुसरी अडचण मोजणीची. पोलिशमध्ये ‘किहाच’ म्हणजे शिंकत राहणं आणि ‘किहनोंच’ म्हणजे एकदाच शिंकणं. तो मधला ‘नों’ प्राचीन स्लाव्हिक वारसा आहे. खोकणं, जांभई देणं, पापणी लवणं, सगळ्यांना तो लागतो. इंग्रजीचा साधा भूतकाळ हे सांगत नाही. माणूस खोकला, हे एकदा की दहादा, ते संदर्भावरून ठरवायचं. पोलिश कानाला हे अपुरं वाटतं.

तिसरी अडचण उलट दिशेची. पोलिशमध्ये पापणी लवणं आणि डोळा मारणं यांना एकच क्रियापद चालतं. इंग्रजीत आपोआप होतं ते ‘ब्लिंक’, मुद्दाम केलं जातं ते ‘विंक’. शिक्षकानं नुसती पापणी लववली आणि विद्यार्थ्यानं ‘विंक’ म्हटलं, तर वर्गात हशा ठरलेला. पण इथेही इतिहास विद्यार्थ्याच्याच बाजूला आहे. ‘विंक’चा जुना अर्थ नुसतं डोळे मिटणं हाच होता. ‘हूडविंक’, म्हणजे फसवणं, हा शब्द मुळात डोळ्यांवर पट्टी बांधण्याचा, आणि डुलकीला ‘फॉर्टी विंक्स’ म्हणतात ते मिटलेल्या डोळ्यांमुळेच. हेतू त्या शब्दात नंतर शिरला.

हे सगळं किरकोळ वाटेल, पण भाषा बदलून राहावं लागलेल्यांना ते किरकोळ नव्हतं. सोव्हिएत हद्दपारीतून सुटून इराणमार्गे आलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे इथल्या छावणीत राहिले. अनेकींचे नवरे, वडील, भाऊ ब्रिटिशांच्या बरोबरीनं लढणाऱ्या पोलिश सैन्यात होते. युद्धानंतर, १९४७च्या पोलिश पुनर्वसन कायद्याचा आधार मिळाला आणि यातली पुष्कळ कुटुंबं ब्रिटनला गेली. २००४ साली पोलंड युरोपीय संघात आल्यावर दुसरी, कितीतरी मोठी लाट तिथे पोचली. २०११च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये ५ लाख ४६ हजार लोकांनी पोलिश ही आपली मुख्य भाषा नोंदवली. इंग्रजी सोडल्यास तो सर्वांत मोठा आकडा होता.

एवढ्या माणसांना कधी ना कधी डॉक्टरांसमोर बसावंच लागतं, आणि तिथे हीच क्रियापदं लागतात. ‘आय कफ’ म्हटलं तर सवयीचा खोकला, ‘आय अ‍ॅम कफिंग’ म्हटलं तर सध्याचा. पोलिशमध्ये दोन्हींना एकच रूप. ‘आय वॉज सिक’ म्हणताना पोलिश माणसाला म्हणायचं असतं ‘मी आजारी होतो’, ब्रिटिश कान ऐकतो ‘मला उलटी झाली’. पोलिश ‘आंगिना’ म्हणजे घशाचा संसर्ग, इंग्रजी ‘अँजायना’ म्हणजे हृदयाचं दुखणं. आणि खोकताना रक्त पडलं असेल, तर एकदा की वारंवार, हे मातृभाषेत क्रियापदच सांगून टाकतं. इंग्रजीत ते वेगळं सांगायचं राहून गेलं, तर डॉक्टरला कळणार कसं?

म्हणून पोलिश विद्यार्थ्याला नुसती शब्दांची यादी देऊन भागत नाही. त्याला सांगायला हवं, की शिंकेचा कर्ता कोण हे निसर्गानं ठरवलेलं नाही. ते भाषांनी ठरवलं आणि वेळोवेळी बदललंही. त्याची अडचण अडाणीपणाची नाही. इंग्रजीनं जे ‘मला’ टाकून दिलं, ते त्याच्या भाषेनं बरंचसं जपलं, मराठीनं त्याहून अधिक.

एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. उचकी लागली की पोलंडमध्येही म्हणतात, कुणीतरी आठवण काढतंय. वळिवड्यात ते शब्द न कळताही कळले असते.