हलाखीची किंमत

कल्पित जगात राहायला दिवसाला किती खर्च येतो? प्रश्न विनोदी वाटेल, पण गेली पन्नास वर्षे काही मंडळी तो गांभीर्याने सोडवीत आली आहेत. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. चारसहा जण एकत्र बसतात. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक. एक जण कथन चालवतो, आणि फासे व नियमग्रंथ यांच्या आधारे गोष्ट पुढे सरकते. गुहेतून आणलेला खजिना खर्च कुठे करायचा, या अडचणीतून राहणीमानाचे दर आले. १९७९ च्या ग्रंथात पात्राच्या प्रत्येक पायरीमागे दरमहा १०० सुवर्णनाणी, असा सरसकट हिशेब होता. तिथली महागाई गायगॅक्सने सोन्यामागे धावणाऱ्या अलास्कातील गावांची उपमा देऊन समजावली होती. २०१४ च्या आवृत्तीत मात्र राहणीचे सात थर दिसतात. गलिच्छ राहणी रोज एक रौप्यनाणे, गरिबीची दोन, साधी राहणी एक सुवर्णनाणे (म्हणजे दहा रौप्य), सुखवस्तू दोन, श्रीमंती चार, सरंजामी दहा व त्यापुढे. आणि सर्वांत खालच्या थराची, हलाखीची, किंमत शून्य.

त्याच पुस्तकात अकुशल मजुराची रोजची मजुरी दोन रौप्यनाणी आहे. म्हणजे तो रोज राबला तर बरोबर ‘गरिबी’त राहतो. खाडा नाही, बायकापोरे नाहीत, घरात म्हातारे माणूस नाही. आकड्यांचा हा मेळ इतका चोख आहे, की शंका यावी.

अशी कोष्टके आपल्याकडे खऱ्या माणसांचीही झालेली आहेत. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली १८८५ साली निघालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात लोकवर्णन जातवार आहे. पुष्कळ जातींच्या नोंदीत घर बांधायला किती रुपये, कपडेलत्ता केवढ्याचा, महिन्याचे खाणे किती, जन्म, लग्न आणि मर्तिक यांना किती, असे ओळीने येते. खेळ आणि गॅझेटियर शेजारी ठेवून वाचण्याजोगे आहेत, ते साम्यापेक्षा भेदासाठी. खेळातला माणूस उद्या चार नाणी जास्त मोजून वरच्या थरात जातो. गॅझेटियरात थर म्हणजे जात. तिथे राहणी विकत मिळत नाही, ती वाट्याला येते. १९७९ चा पायरीवार हिशेब, कर्त्याच्या मनात नसेलही, पण या गॅझेटियरच्या अधिक जवळचा आहे.

शिवाय गावात सगळे नाण्यात मोजले जात नसे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’त (१९१५) वर्णिलेला सुतार-लोहार रोजंदारीवर नव्हे, सुगीला मिळणाऱ्या बलुत्यावर जगतो. नाणे लागे ते मुख्यतः सरकारदेण्याला. घोडेगाव हे तेव्हा खेड तालुक्यातल्या आंबेगाव पेट्याचे ठाणे, महालकऱ्याची कचेरी तिथे. १८३९ च्या बंडात कोळ्यांची टोळी या कचेरीवर चालून आली. खजिन्यावरचा हा छापा खेळात शोभावा असा, पण इथला खजिना कोणा ड्रॅगनने साठवलेला नव्हता.

माझा मुख्य आक्षेप त्या शून्यावर आहे. पुणे जिल्ह्याचा एकोणिसावे शतकभराचा अनुभव असा, की हलाखी हीच सर्वांत महाग राहणी. पावसाळ्यात मणभर धान्य उचलावे आणि सुगीला दीड मण फेडावे, या व्यवहाराला ‘दिढी’ असे साधे नाव होते. सुखवस्तू माणसाला तेच धान्य मणाला मण पडे. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांकडचे रोखे जाळले, ते या शून्याचे व्याज होते. पुढे १८७९ चा शेतकरी कायदा आला. दिढी त्याने संपली नाही.

पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी १९१७ साली पिंपळे सौदागरची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांनी थर पाडले ते राहणीचे नव्हेत, मिळकतीतून ती भागते की नाही याचे: जमिनीवर भागणारी कुटुंबे, बाहेरच्या मजुरीची जोड घेऊन भागणारी, आणि कशानेच न भागणारी. तिसऱ्या गटात सुमारे दोन-तृतीयांश कुटुंबे निघाली. मोजमाप त्या लोकांच्याच साध्या राहणीचे होते, हे विसरू नये. खेळाच्या कोष्टकाला हा तिसरा गट ठाऊकच नाही. तिथे पैसे संपले की माणूस मुकाट्याने खालच्या थरात उतरतो, कर्ज काढून आहे त्या थरात टिकून राहत नाही.

दुसरी गोष्ट ऋतूची. घोडेगावच्या पश्चिमेला, डिंभ्याच्या धरणापलीकडच्या डोंगरगावांत, महादेव कोळ्यांची वस्ती आहे. पिके भात, नाचणी, वरईची, पावसावरची. आणि उन्हाळ्यात रोख पैसा देणारा हिरडा. हिरडा विकला जातो तेव्हाचे घर आणि श्रावणातले घर एकाच थरात कसे बसवायचे? कणगीत धान्य संपलेले, आवणी उरकलेली, भात अजून पोटरीला यायचे. या महिन्यांना दैनिक दर लावता येत नाही.

सरकारला हे निराळ्या वाटेने कळले. आदिवासी कुटुंबांना पावसाळ्यात तगण्यासाठी १९७८ पासून खावटी कर्ज देण्याची योजना होती. खावटी म्हणजे खाण्यापुरते. कर्ज पेरणीसाठी नाही, बैलासाठी नाही, निव्वळ जेवणासाठी. असा थर कोणत्याही नियमग्रंथात मी पाहिला नाही. पुढे ती योजना थंडावली. २०२० साली, टाळेबंदीच्या वर्षी, तिला अनुदानाचे रूप आले: कुटुंबामागे ४,००० रुपये, त्यांतले निम्मे बँकेत आणि निम्म्याच्या वस्तू. घोडेगावात आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. आसपासच्या पाड्यांचे अर्ज तिथलेच. वस्तूंची यादी शासनाने ठरवून दिली होती: मटकी, चवळी, हरभरा, वाटाणा, तूरडाळ, उडीदडाळ, साखर, शेंगदाणा तेल, गरम मसाला, मिरचीपूड, मीठ, चहापत्ती.