पहिल्या कादंबरीचे संस्करण आणि स्वयंप्रकाशन : एक ऐतिहासिक विवेचन (गोंदिया जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा होऊन अस्तित्वात आला. जिल्हा नवा असला तरी येथील वाङ्मयीन स्मृती प्राचीन आहे. आमगावजवळचे पद्मपूर हे भवभूतीचे मूळ गाव होय, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. समकालीनांच्या उपेक्षेला उत्तर देताना याच भवभूतीने भावी काळातील समानधर्मी वाचकावर भिस्त ठेवली होती. आज स्वखर्चाने पहिली कादंबरी छापणारा लेखकही एका अर्थाने त्याच विश्वासावर उभा असतो. मात्र हस्तलिखित पूर्ण होणे आणि ग्रंथ सिद्ध होणे या दोन घटनांच्या दरम्यान संस्करणाचा एक टप्पा असतो. हा टप्पा मराठीत कोणी व कसा सांभाळला, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

नियतकालिक : कादंबरीचे पहिले मुद्रित

लेखकाने स्वतःच प्रकाशक होणे ही मराठीत अलीकडची घटना नाही. बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) या कादंबरीने मराठी कादंबरीचा आरंभ झाला असे सामान्यतः मानले जाते. त्यानंतर दहा वर्षांनी, १८६७ मध्ये, 'विविधज्ञानविस्तार' हे मासिक सुरू झाले. त्याचे संपादक रा. भि. गुंजीकर यांची 'मोचनगड' (१८७१) ही मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी याच मासिकातून वाचकांसमोर आली. येथे लेखक आणि संपादक एकच होते.

ह. ना. आपटे यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. त्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' (१८८५) 'पुणे वैभव' पत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाली. पुढे १८९० मध्ये त्यांनी स्वतःचे 'करमणूक' हे साप्ताहिक काढले आणि 'पण लक्षांत कोण घेतो?' त्यातूनच प्रसिद्ध केली. या पद्धतीचे लाभ स्पष्ट होते. दर आठवड्याला मजकूर देण्याच्या बंधनामुळे लेखन चालू राही आणि वाचकांचा प्रतिसाद ग्रंथ निघण्यापूर्वीच कळे. तिचे दोषही तितकेच स्पष्ट आहेत. पाल्हाळ वाढला, प्रसंगांचे प्रमाण बिघडले, 'गणपतराव'सारखी कादंबरी अपुरीच राहिली. पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेचे व्यवस्थापक या नात्याने आपट्यांचा संस्कृत ग्रंथांच्या पाठशुद्धीच्या कामाशी निकटचा संबंध होता. असे असूनही साप्ताहिकाच्या घाईत स्वतःच्या कादंबऱ्यांना तितकी सवड त्यांना मिळाली नाही, हे लक्षणीय आहे.

काशीबाई कानिटकर यांच्या 'रंगराव' या कादंबरीचा प्रवास वेगळा आहे. मासिकातील क्रमशः प्रसिद्धी १८८६ मध्ये सुरू झाली, ग्रंथ मात्र १९०३ मध्ये निघाला. पहिली कादंबरी ग्रंथरूपात आणण्यासाठी स्त्रीलेखिकेला किती काळ वाट पाहावी लागे, हे यावरून ध्यानात येते.

संपादकाचा उदय आणि भौगोलिक अंतर :

विसाव्या शतकात हे काम हळूहळू लेखकाकडून संपादकाकडे गेले. मौज प्रकाशन गृहाचे श्री. पु. भागवत आणि 'सत्यकथा'चे राम पटवर्धन यांनी हस्तलिखित बारकाईने वाचून लेखकाकडून पुनर्लेखन करवून घेण्याची परंपरा रुजविली. परंतु ही परंपरा मुख्यतः मुंबई-पुण्यातच केंद्रित राहिली. मुंबई-हावडा लोहमार्गावर मुंबईपासून सुमारे एक हजार किलोमीटर अंतरावर असलेल्या गोंदियातील लेखकाला तिचा प्रत्यक्ष लाभ मिळणे कठीण होते.

याच्या उलट बाजूचाही विचार आवश्यक आहे. रायपूर येथे जन्मलेले व अमरावतीत वाढलेले डॉ. श्री. व्यं. केतकर यांनी १९१६ मध्ये नागपुरात मंडळी स्थापून, भागभांडवल उभारून ज्ञानकोशाचे प्रकाशन हाती घेतले. 'गोंडवनांतील प्रियंवदा'सह त्यांच्या कादंबऱ्यांवर रचना विस्कळीत व भाषा रुक्ष असल्याचे आक्षेप घेतले गेले. तरीही दुर्गा भागवतांसारख्या व्यासंगी लेखिकेला 'केतकरी कादंबरी' हा स्वतंत्र ग्रंथ लिहावासा वाटला. आशयाचे सामर्थ्य हे केवळ सफाईने मोजता येत नाही, असाच याचा अर्थ होतो.

झाडीबोली आणि 'शुद्धी'चा प्रश्न :

गोंदिया जिल्ह्यातील कादंबरीकारापुढे संस्करणाचा प्रश्न भाषेच्या अंगाने अधिक तीव्र होतो. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांची संख्या १९७२ नंतर अठरा झाली. मुद्रितशोधक सामान्यतः या नियमांना अनुसरूनच दुरुस्त्या करतो. परंतु झाडीबोलीत 'ण'च्या जागी 'न' आणि 'श'च्या जागी 'स' उच्चारला जातो. धानाच्या बांधीत राबणाऱ्या पात्राच्या तोंडचा 'पानी' हा शब्द 'पाणी' असा दुरुस्त झाला, की पान निर्दोष होते, पण पात्र परके होते. म्हणून निवेदनाची भाषा आणि संवादाची भाषा यांची स्वतंत्र तपासणी होणे आवश्यक आहे. बोलीरूपांची यादी लेखकाने आधीच तयार करून ती मुद्रितशोधकाच्या हाती दिल्यास चूक कोणती व बोली कोणती, याविषयी संभ्रम उरत नाही. त्याचबरोबर बोलीच्या नावाखाली निष्काळजीपणा खपविला जाऊ नये, हेही तितकेच खरे. एकच शब्द एकाच पात्राच्या तोंडी तीन प्रकारे आला, तर ते बोलीचे वैशिष्ट्य नसून तपासणीतील उणीव ठरते.

समारोप :

संगणकीय अक्षरजुळणी व मागणीनुसार छपाई यांमुळे आज मोजक्या प्रती काढणेही शक्य झाले आहे. आयएसबीएन क्रमांक भारतात विनामूल्य मिळतो. ग्रंथप्रदान अधिनियम, १९५४ अन्वये राष्ट्रीय ग्रंथालयासह विहित ग्रंथालयांना प्रती पाठविणे प्रकाशकावर बंधनकारक असून, स्वयंप्रकाशक लेखकही त्यास अपवाद नाही. प्रती तेथे पोचल्या नाहीत, तर उद्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने ती कादंबरी लिहिलीच गेली नाही, असे होण्याचा धोका संभवतो.

छपाई सुलभ झाली. परंतु साक्षेपी पहिला वाचक दुर्मीळच राहिला. गुंजीकर-आपट्यांच्या काळी ते काम नियतकालिकाच्या वाचकांनी केले, पुढे ते संपादकांनी केले. आज ग्रामीण भागात ही जबाबदारी महाविद्यालयांचे मराठी विभाग स्वीकारू शकतात. वर्षातून एक-दोन हस्तलिखितांचे जाहीर वाचन, भूगोल व इतिहासाच्या अध्यापकांकडून तपशिलांची पडताळणी आणि प्रकाशित ग्रंथाच्या दोन प्रती ग्रंथालयात जतन करणे, एवढ्यासाठी स्वतंत्र अनुदानाची गरज नाही. भवभूतीचा समानधर्मी वाचक भविष्यातच भेटावा असे नाही. तो शेजारच्या वर्गखोलीतही असू शकतो.