दर्या, दऱ्या आणि फाइलीचे नाव

रत्नागिरीच्या उत्तरेस, गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या सागरी मार्गावर आरे आणि वारे ही जोडगावे आहेत. डोंगराचे उतार येथे थेट समुद्रास भिडतात. त्यामुळे या भूमीच्या वर्णनात ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द सहज शेजारी येतात. पहिल्यात रफार आहे व आद्य अक्षर गुरू आहे. दुसऱ्यात आडवा रकार आहे व आद्य अक्षर लघू आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतही हाच भेद दिसतो. मराठी वाचकास तो शिकवावा लागत नाही. यंत्रास मात्र तो नेमकेपणाने सांगावा लागतो.

लेखनाच्या बदलत्या आवृत्त्या जपण्याची यांत्रिक पद्धती १९७२ साली बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी सिद्ध केली. २००५ साली लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी रचलेली ‘गिट’ ही याच परंपरेतील होय. गिट फाइलीचे नाव युनिक्सच्या रीतीने केवळ बाइटांची मालिका मानते. युनिक्समध्ये तिरपी रेघ व शून्य बाइट एवढेच वर्ज्य. १९८१ च्या एमएस-डॉसमध्ये मात्र नावास आठ आणि तीन अक्षरांची मर्यादा होती, व मोठ्या-लहान रोमन अक्षरांत भेद नव्हता. पुढे विंडोजनेही अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह इत्यादी निषिद्धच ठेवले. पॉझिक्स या मानकाने सर्वत्र चालणारी ६५ चिन्हे निश्चित केली : रोमन अक्षरे, अंक, बिंदू, अधोरेषा आणि संयोगरेषा. या सुरक्षित मार्गाने जाता दर्या आणि दऱ्या या दोहोंचे सामान्य रोमन लेखन एकच होते. नाव सर्वत्र पोहोचते, पण अर्थभेद वाटेतच गळतो.

देवनागरीत नाव ठेवावे, तर वेगळी अडचण उभी राहते. युनिकोडमध्ये आडवा रकार तीन प्रकारे लिहिता येतो. भारतीय मानक ‘इस्की’स अनुसरून ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णास हलन्त जोडणे, हा पहिला. ‘र’, नुक्ता व हलन्त, हा दुसरा. ‘र’, हलन्त व शून्य रुंदीचे संयोजक चिन्ह, हा तिसरा. युनिकोड पहिल्या दोहोंस समान मानते, तिसऱ्यास नाही. डोळ्यांस तिन्ही एकच. गिटच्या लेखी तिन्ही निराळी.

१९९८ साली आलेली ॲपलची एचएफएस प्लस ही फाइलव्यवस्था पहिल्या प्रकारचे नाव विघटित करून दुसऱ्या प्रकारात साठवीत असे. त्यामुळे ‘किनाऱ्यावर’ हे न बदललेले नावही गिटला परके वाटे. २०१२ च्या १.७.१२ या आवृत्तीत नावे पुन्हा संयुक्त करून घेण्याची सोय झाली. तिसऱ्या प्रकाराची गोष्ट याहून गंभीर आहे. एचएफएस प्लसच्या नेहमीच्या रूपात नावांची तुलना करताना संयोजक चिन्ह जमेस धरले जात नाही. ते वगळताच ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. दोन फाइली एका जागी येतात, आणि कामाच्या प्रतीत एकच उरते. इतिहासात दोन्ही राहतात खऱ्या. परंतु उणीव ध्यानी आल्याखेरीज तेथे शोधणार कोण? अशा टकरीची सूचना प्रत उतरवितानाच देण्याची व्यवस्था गिटमध्ये २०१८ च्या २.२० या आवृत्तीत आली. तत्पूर्वी, २०१४ साली, वगळल्या जाणाऱ्या अशाच अदृश्य चिन्हांच्या आधारे गिटच्या अंतर्गत संचिकेवर घाला घालता येतो असे आढळून आले, व ती वाट बंद करण्यात आली.

तात्पर्य, नावाचे ऐक्य ठरविणारे तिघे आहेत : वाचक, मानक आणि यंत्र. तिघांचा निवाडा जुळेल असेच लेखन निवडणे इष्ट होय. मराठीपुरते पाहता, ‘ऱ’ हा स्वतंत्र वर्ण संयुक्त रूपात वापरणे आणि संयोजक चिन्ह नावातून वगळणे, एवढ्याने हे साधते. एचएफएस प्लस त्याचे विघटन करी, तरी नुक्ता टाकून देत नसे. म्हणून दऱ्या तेथेही दऱ्याच राहत. रोमन लिपीचा आश्रय घेण्यापूर्वी ग्रामनामांच्या व बोलींच्या संग्राहकांनी हा उपाय अवश्य पाहावा. कारण त्यांच्या कामात हा एक रकारच पुष्कळदा मूळ पुरावा असतो.