पत आणि ठेव

वसईचें नांव निघतांच चिमाजीअप्पांचा १७३९ सालचा विजय आठवतो. सावकारी पाशाविरुद्धचा तेथील लढा मात्र शस्त्रांवांचून झाला. १९०४ च्या कायद्यानें सहकारी पतपेढ्यांची वाट मोकळी केली, आणि १९१८ सालीं मोन्सिन्योर पी. जे. मोनिस यांनीं वसईंत बॅसिन कॅथॉलिक सहकारी संस्था स्थापिली. तीच पुढें बँक झाली. शेजाऱ्याची ऐपत शेजाऱ्याला ठाऊक असते. अशा कर्जाचें खरें तारण हेंच. पेढी वाढली म्हणजे ही ओळख पुरत नाहीं. कायद्याची देखरेख लागते. १९६६ पासून सहकारी बँका रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालीं आल्या. तरीही २०१९ सालीं पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेचीं ७० टक्क्यांहून अधिक कर्जें एकाच बांधकाम-समूहाकडे गुंतल्याचें उघड झालें, आणि ठेवीदारांना प्रथम अवघे १,००० रुपये काढण्याची मुभा मिळाली. कर्ज बँक देते. पैसा ठेवीदाराचा असतो.