साल्सा : पावलांआधी कानांची तयारी

साल्साच्या वर्गात पहिल्या दिवशी शिकवला जाणारा पदन्यास अगदी साधा असतो. आठ मात्रांच्या आवर्तनात पुढाकार घेणारा नर्तक पहिल्या मात्रेला डावे पाऊल पुढे टाकतो, दुसऱ्या मात्रेला उजव्या पायावर भार घेतो आणि तिसरीला डावा पाय मूळ जागी आणतो. चौथी मात्रा रिकामी. पाचवी ते सातवी या मात्रांत उजवे पाऊल मागे टाकून हेच घडते, आठवी पुन्हा रिकामी. जोडीदाराची पावले याच्या नेमकी उलट. एवढे तासाभरात जमते. अडचण येते ती संगीत सुरू झाल्यावर, कारण त्यातला 'एक' सापडत नाही.

हा दोष पायांचा नव्हे. आपल्याकडचा कान समेवर वजन ऐकण्यास सरावलेला असतो. साल्सात मात्र बास हे वाद्य बहुधा 'एक'वर वाजतच नाही. चार मात्रांच्या मापात ते अडीचाव्या व चौथ्या मात्रेवर वाजते. कोंगा या ढोलाची कडक थाप दुसऱ्या मात्रेवर, तर खुले बोल चौथ्या मात्रेवर आणि तिच्या लगोलग पुढे पडतात. या साऱ्यांना बांधून ठेवतो तो 'क्लावे', म्हणजे दोन लाकडी दांड्यांवर वाजवला जाणारा पाच आघातांचा ठेका. त्याच्या एका प्रकारात आघात १, अडीच, ४, ६ आणि ७ या ठिकाणी येतात. पुष्कळदा तो प्रत्यक्ष वाजतही नाही, वादकांच्या मनात चालू असतो. क्यूबा किंवा पोर्तो रिकोत वाढलेल्या मुलाला तो घरातच ऐकू येतो. दूरदेशीच्या नवशिक्याने तो मुद्दाम ऐकावा लागतो, आणि आकडे मोजून घेणारे वर्ग नेमके हेच शिकवायचे विसरतात.

नवशिक्याचा खरा आधार काऊबेल ही धातूची घंटा होय. गाण्याच्या उत्तरार्धात मुख्य गायक आणि कोरस यांचा सवाल-जवाब रंगला, की ती १, ३, ५, ७ या मात्रा स्पष्ट दाखवते. तिच्यावर टाळी धरून संथ गाणी काही दिवस नुसती ऐकली, तरी पावलांतील घाई कमी होते. काही ठिकाणी, विशेषतः न्यूयॉर्कच्या शैलीत, वळणाचे पाऊल दुसऱ्या मात्रेवर घेतात. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. प्रारंभी एकच धरावी.

'मूळ' साल्सा आपल्याला कशी जमणार, हा संकोचही अनाठायी आहे. तिचा गाभा पूर्व क्यूबातील 'सोन' या संगीतप्रकारात असला, तरी 'साल्सा' या नावाने ती गाजली न्यूयॉर्कमध्ये. तेथे जॉनी पाचेको आणि जेरी मासुची यांनी १९६४ मध्ये 'फानिया' ही ध्वनिमुद्रण कंपनी काढली आणि १९७० च्या दशकात हे नाव सर्वतोमुखी झाले. साल्सा म्हणजे खाण्याचा रस्सा किंवा चटणी. टिटो पुएन्टे यांच्यासारख्या बुजुर्ग वादकाला संगीताला दिलेले हे नाव रुचले नव्हते. म्हणजे नाव मिळाले तेव्हाच ही कला घरापासून दूर होती. टोकियोत १९८४ मध्ये स्थापन झालेल्या 'ओर्केस्ता दे ला लूस' या जपानी वाद्यवृंदाने तर १९९० मध्ये पहिल्याच अल्बमद्वारे अमेरिकेतील लॅटिन संगीताच्या विक्रीयादीत अग्रस्थान मिळवले.

गोव्यात लग्नसमारंभात जोडीने नाचणे नवे नाही. मुंबई-पुण्याच्या वर्गांत मात्र अनोळखी व्यक्तीचा हात धरताना अवघडलेपण येतेच. साल्सात दर गाण्याला जोडीदार बदलण्याचा प्रघात आहे. नकार देण्यात उद्धटपणा मानला जात नाही आणि होकार एका गाण्यापुरताच असतो. आधी बसवलेला नाच येथे नसतो. हाताच्या हलक्या दाबाने पुढची हालचाल सुचवली जाते, ती न समजल्यास दोघेही मूळ पदन्यासावर परततात. तेवढ्या एका पदन्यासावरही गाणे आनंदाने पार पडते. गिरक्यांची घाई करणाऱ्यांचे दंड आणि खांदे तेवढे दुखावतात.

राहता राहिली पादत्राणे. रबरी तळ फरशीला चिकटतो आणि गिरकी घेताना गुडघा पिळवटतो. नुसते मोजे घातले तर पाय घसरतो. चामड्याच्या तळाचे, पायाला घट्ट बसणारे जुने बूट सुरुवातीला पुरेसे होतात.